चिंध्यांची कैफियत

आपल्या भाषेतील काही म्हणी न्यायाधीशाच्या निकालासारख्या वापरल्या जातात. साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. म्हण उच्चारली गेली की आरोपीने मान खाली घालावी आणि चालू लागावे. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही त्यांपैकीच एक. गेल्या माघात एका लग्नाच्या पंगतीत ती मला ऐकून घ्यावी लागली. म्हणणारे गृहस्थ व्यासंगी; एकाच विषयात त्यांनी पस्तीस वर्षे घातलेली; त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर ह्या लेखाने यत्किंचितही कमी होणार नाही. आमची मित्रमंडळी दर महिन्यास काय करते हे कोणी तरी त्यांस हसत हसत सांगितले, तेव्हा वरणभात कालवता कालवता त्यांनी उद्गार काढले, ‘‘साठीला आलात तुम्ही, आता हा पोरखेळ कशाला? एक ना धड, भाराभर चिंध्या!’’ पंगत हसली, मीही हसलो. परंतु हसण्याने उत्तर होत नाही. ते उत्तर आज देत आहे. आणि ते देताना त्या गृहस्थांसच नव्हे, तर आमचा कैवार घेऊन पुढे येणाऱ्या दुसऱ्या एका पक्षासही चार शब्द सुनवावे लागणार आहेत.

प्रथम गुन्हा काय तो सांगतो. आम्ही सहा जण महाविद्यालयापासूनचे मित्र. भिशी ही संस्था वाचकांच्या परिचयाची आहे. दरमहा सर्वांनी ठरलेली वर्गणी घालावी, चिठ्ठी उचलावी, आणि ज्याचे नाव निघेल त्याने रक्कम न्यावी. आमची भिशी त्याच नमुन्याची, मात्र तीत पैसा नाही. चहाच्या एका जुन्या डब्यात सहा चिठ्ठ्या असतात. ज्याचे नाव निघेल त्याने त्या महिन्यासाठी एक साधे काम सांगावयाचे. ते आमच्यापैकी बहुतेकांनी जन्मात केलेले नसावे, त्यास माणशी शंभर रुपयांहून अधिक खर्च येऊ नये, आणि ते सर्वांनी एकत्र जमून करावे. निघालेली चिठ्ठी सहाही जणांची पाळी होईपर्यंत डब्यात परत जात नाही. छायाचित्र काढावयाचे नाही. ज्यास काम करणे जमत नसेल त्याने ते करू नये, परंतु येऊन बसावे. एवढीच कलमे. ह्या पावणेदोन वर्षांत आम्ही ज्वारीची भाकरी थापली, मोडी लिपीचा ओनामा गिरवला, मावळात भाताची लावणी केली, टकळीवर सूत काढले, गच्चीवर पडून नक्षत्रे ओळखली. आणि ह्यांपैकी एकाही कामात प्रावीण्य मिळवले नाही. गुन्हा कबूल आहे.

ही कल्पना कोणा विचारवंताच्या ग्रंथातून आलेली नाही. आम्ही कित्येक वर्षे दर रविवारी सकाळी एकाच ठिकाणी जमत आलो. प्रारंभी ह्या भेटींस रंग होता. पुढे त्या नेमाच्या झाल्या. आणि शेवटी तर त्यांस कचेरीच्या हजेरीपत्रकाची कळा आली. राजकारण, रक्तातील साखर, परदेशी गेलेली मुले, आणि महाविद्यालयातील त्याच त्या चार आठवणी! कोणती गोष्ट कोण सांगणार आणि तिच्यातील कोणत्या शब्दावर कोण हसणार हेही ठरलेले. आमच्यात वितुष्ट आले असते तर तेही परवडले असते. वितुष्टात निदान धग असते. आमच्या मैत्रीचा शिष्टाचार झाला होता. आमच्यात एक प्राध्यापक, एक शल्यचिकित्सक, एक बँकेतील निवृत्त अधिकारी, एक अभियंता, एक धान्याचा दुकानदार आणि सहावा प्रस्तुत लेखक. आणि प्रत्येक जण आपापली खुर्ची जणू बरोबर घेऊनच येई.

तशाच एका रविवारी बँकेतील मित्राने, त्याची पत्नी वारून चार महिने झाले होते, काही संदर्भ नसता सांगितले, ‘‘डबा येतो, तो मी खातो. पण काल रात्री भाकरी खावीशी वाटली. पीठ होतं, तवा होता, गॅस होता. आणि मला साठाव्या वर्षी भाकरी येत नाही.’’ कोणीच काही बोलले नाही. सांत्वनाची सगळी वाक्ये आम्ही पूर्वीच वापरून संपवली होती. मग दुकानदार मित्राने विचारले, ‘‘अरे, पण आपल्यापैकी कुणाला येते?’’ ज्वारी विकण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने हा प्रश्न विचारावा, आणि सहांपैकी एकानेही हात वर करू नये, ह्यात आमच्या साऱ्या उद्योगाचा उगम आहे.

पुढच्या रविवारी शल्यचिकित्सक मित्राच्या घरी आम्ही जमलो. शिकवावयास त्याची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिवटपणा नसतो, म्हणून त्याची पोळीसारखी सहज लाटी होत नाही. कढत पाणी घालून, तळहाताने रगडून रगडून त्यास बांधणी आणावी लागते. पीठ जुने असेल तर कडा फाटतात. थापताना हाताबरोबर भाकरीही फिरली पाहिजे. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवावयाचा, आणि ते पाणी पुरते वाळण्यापूर्वी ती उलटावयाची. हे लिहावयास मला पाच ओळी लागल्या. हातात यावयास वर्षे लागतात. ज्या हातांनी हजारो टाके घातले असतील त्या हातांत भाकरी परातीतून उचलतानाच दुभंगली. प्राध्यापकांचे पीठ हातास चिकटून बसले तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पीठ मळायचंय, त्याची समजूत घालायची नाही!’’ दोन तासांनी, किती पीठ वाया गेल्यावर ते सांगत नाही, बँकेतील मित्राची एक भाकरी फुगली. ती वाटोळी नव्हती; एका बाजूस करपली होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग उठून गच्चीत गेला. आम्ही कोणी त्याच्यामागे गेलो नाही. परत आला तेव्हा त्याने ती भाकरी मोडून सहा जणांस वाटली.

आता त्या म्हणीकडे वळतो. चिंध्या कोणाच्या? ज्याने अंगरखा शिवून देण्याचे कबूल केले, कापड घेतले, कात्री चालवली, आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचे कापड फाडावयास घेतले, त्या शिंप्याच्या! म्हणीचा रोख दुसऱ्याचे काम अंगावर घेऊन ते अर्धवट टाकणाऱ्यावर आहे, आणि तेथे ती शंभर हिश्शांनी खरी आहे. न्यायाधीशाने, वैद्याने, शिक्षकाने, संशोधकाने तिचे भय बाळगलेच पाहिजे. परंतु जेथे कोणाचे कापड घेतलेले नाही, कोणास काही कबूल केलेले नाही, आणि येत नसलेल्या गोष्टी येतात असा बहाणाही केलेला नाही, तेथे ही म्हण लागू करणे म्हणजे फौजदारी कलम लग्नाच्या पंगतीस लावण्यासारखे आहे. अर्धवट ज्ञान घातक खरे, पण कोणाचे? जो ते पुरे मानतो त्याचे. ज्याने मोडीची चारच अक्षरे गिरवली आणि चारच गिरवली असे जो सांगतो, त्याच्याकडून इतिहासास काही धोका नाही. उलट, मोडी वाचणाऱ्याविषयी त्याच्या मनात जो आदर उत्पन्न होतो तो नुसती व्याख्याने ऐकून होत नाही.

शिवाय चिंध्यांची एवढी नालस्ती करणाऱ्यांनी आपल्याच घरातील गोधडीकडे एकदा पाहावे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे तुकडे, त्यांचे थरावर थर, आणि त्या सर्वांतून आरपार गेलेला धावदोरा. एकेकटी चिंधी थंडी वारीत नाही हे खरे. पण दोरा असला म्हणजे त्याच चिंध्यांखाली पिढ्यान् पिढ्या झोपतात. आमच्या कामांत दोरा कोणता असे कोणी विचारले तर तो मैत्रीचा, असे उत्तर आहे. आणि म्हणूनच हीच कामे एकट्याने केली असती तर त्या गृहस्थांचा आक्षेप मी निम्मा तरी मान्य केला असता.

ह्या वादात थोरांचे दाखले देण्याची रीत आहे. रवींद्रनाथांचा दाखला मी मुद्दाम देत नाही. उतारवयात त्यांनी कुंचला धरला आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते यशस्वी झाले म्हणून त्यांस क्षमा करण्यात प्रतिपक्षास काहीच सायास पडणार नाहीत. मी टॉल्स्टॉयचा दाखला देतो. १८९५ साली, साठी उलटून कितीतरी वर्षे झाली असता, मॉस्कोत तो सायकल चालवावयास शिकला. त्या सायकलीने रशियन वाङ्मयात एका ओळीची भर पडली नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याचा धाकटा मुलगा वारला होता. पोर पुरते सात वर्षांचेही नव्हते. हे दोन प्रसंग एकमेकांशी कसे जोडावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मला मात्र आमचा बँकेतील मित्र आणि त्याची करपलेली भाकरी आठवते, आणि ‘ह्या वयात हा पोरखेळ कशाला’ हा प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही. आणि हौशी माणसांकडून टिकाऊ असे काही होतच नाही हेही खरे नव्हे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली ती आकाशाच्या हौशी निरीक्षकांची संस्था म्हणूनच. आमच्या गच्चीतून अशी काही संस्था निघणार नाही. पण नवशिक्यांस दारातूनच हाकलणारा समाज तशी संस्था काढूच शकणार नाही.

भाकरीनंतरच्या कामांपैकी मोडीचा दिवस सांगण्याजोगा आहे. मोडी लिहिताना प्रथम ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग तिला अक्षरे टांगतात. शब्दांत अंतर सोडण्याचा नेम नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, एकच वेलांटी आणि एकच उकार. शुद्धलेखनाच्या चुका काढण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्या प्राध्यापकांस ह्या लिपीने अगदी निराधार केले. उलट आमचा दुकानदार मित्र, ज्याची पदवी परीक्षा राहिली ती राहिलीच, आणि जो ग्रंथांची चर्चा निघाली की चहा सांगावयास उठे, त्याने तासाभरात एका जुन्या खातेवहीच्या पानावरील जिनसांची नावे लावून दाखवली. धान्याची नावे आणि वजनमापांच्या खुणा त्याच्या ओळखीच्या. कोणत्या नावापुढे कोणता आकडा संभवतो हे त्यास न वाचताच कळत होते. त्या दिवशी चहा सांगावयास प्राध्यापक उठले. चाळीस वर्षांत न हललेल्या खुर्च्या त्या सकाळी हलल्या. पोरखेळाचे हे फळ आहे. पोरांच्या खेळात जातगोत, हुद्दा आणि पेन्शन चालत नाही. ज्यास गोटी लागते तो मोठा, आणि तोही पुढच्या डावापुरताच.

तथापि येथे आमचे स्वतःचे कान धरणे प्राप्त आहे. भाकरीच्या दिवशी आमचे आपसांत कौतुक चालले असता वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुम्ही सहा जणांनी एक दिवस केलीत, तर केवढं कौतुक! मी चाळीस वर्षं करतेय, त्याला कुणी काम तरी म्हटलं का?’’ ह्यास उत्तर नाही, आणि असू नये. आम्ही ज्यास ‘साधे’ म्हणतो ते बहुधा दुसरे कोणी तरी आपल्यासाठी रोज करीत असते, म्हणूनच साधे दिसते. आणि आम्हांस जे ‘नवे’ वाटते ते तिच्या हातांस जुने होऊन गेलेले असते. आषाढात मावळातील खाचरात उतरलो तेव्हा हाच धडा पुन्हा मिळाला. चिखलात रोवलेले पाय काढता येईनात. अर्ध्या तासात कंबर राहिली. आणि शेजारच्या ओळीतील बाया बोलत, हसत, वाकलेल्याच पुढे निघून गेल्या. आमच्या ओळीतील रोपे त्यांस मागाहून सारखी करावी लागली. शहरवासीयांची एक दिवसाची मौज म्हणून लावणी करणे आणि पोटासाठी करणे ह्यांत जे अंतर आहे ते आमच्या चिखलाने भरले नाही. पण आहे हे कळले. नवे काम करून जर एवढेही कळत नसेल, तर त्या पंगतीतील गृहस्थांचे म्हणणे खरे समजावे.

आता दुसरा पक्ष. हा पक्ष आम्हांस हसत नाही. उलट पाठ थोपटावयास धावतो. ‘नवे काही करा! स्वतःला आव्हान द्या!’ ही त्याची घोषणा. आव्हान हा रणांगणावरील शब्द. प्रतिस्पर्ध्यास पुढे बोलावण्याचा. भाकरी थापण्यात प्रतिस्पर्धी कोण? पीठ? ह्या पक्षाच्या मते प्रतिस्पर्धी आपण स्वतःच. स्वतःस पाडावयाचे, त्याच्या छातीवर पाय द्यावयाचा, आणि तो देखावा दूरध्वनीच्या काचेवर चारचौघांस दाखवावयाचा. एकवीस दिवस पहाटे उठण्याचे आव्हान, तीस दिवस साखर सोडण्याचे आव्हान, शंभर दिवस अमुक करण्याचे आव्हान. प्रत्येकाचा तक्ता वेगळा, शपथ वेगळी आणि विक्रीचा मालही वेगळा. काम कोणते निवडावयाचे ते त्यातील गोडीवरून नव्हे, तर ते दिसेल कसे ह्यावरून ठरते. आणि ज्यात हसे होईल तेवढा भाग तर प्रथम कापून टाकतात. अर्थात भाकरी फाटली ती दिसत नाही, फुगली तेवढीच दिसते.

ह्या एकवीस दिवसांची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ हा अमेरिकेतील शल्यचिकित्सक. चेहऱ्याची ठेवण शस्त्रक्रियेने बदलणे हा त्याचा व्यवसाय. रोग्यांस आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हावयास निदान एकवीस दिवस तरी लागतात, असे त्याच्या पाहण्यात आले, आणि १९६० साली एका पुस्तकात त्याने ते नमूद केले. ‘निदान’ हा शब्द पुढे गळून पडला, रोगी गळाले, चेहरा गळाला; उरला एकवीस हा आकडा, आणि तो प्रत्येक सवयीचा कायदा होऊन बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेली पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत एखादी गोष्ट अंगवळणी पडावयास साधारणतः ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि माणसामाणसांतील अंतर तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडत नाही, हेही त्याच पाहणीत आढळले. परंतु आमचा मूळ मुद्दा ह्याहूनही साधा आहे. सवय म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा करणे. आमचा उद्योग नेमका त्याच्या उलट. साठी येईपर्यंत आम्हांस सवयी पुष्कळ झाल्या होत्या. कमी पडत होते ते सवय नसलेल्या ठिकाणी उभे राहणे.

न्यायासाठी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०१४ सालच्या उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याचे आणि पुढे आपल्या मित्रांची नावे घेण्याचे जे आव्हान जगभर पसरले, ते दिखाऊ होते, पोरकट होते, आणि तरीही स्नायू लुळे करीत नेणाऱ्या एका दुर्धर रोगावर काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेस त्यातून ११ कोटी डॉलरांहून अधिक देणगी मिळाली. तेव्हा आव्हान ही गोष्टच वाईट असे मी म्हणत नाही. त्या बादलीच्या मागे रोगी होते. ज्या आव्हानाच्या मागे ते देणाऱ्यावाचून दुसरे कोणीच नाही, आणि पुढेही आरशावाचून काही नाही, त्याविषयी मी बोलत आहे.

मग आमच्या उद्योगात काही कसोटी आहे की नाही? आहे; पण ती कामात नाही. टकळीचे सूत तुटले तर आणखी कापूस आहे. कसोटी ही, की ज्यांच्या नजरेत आपली काही किंमत आहे त्यांच्यासमोर आपण अडाणी दिसावयास तयार आहोत काय? एकट्याने केलेल्या कामात ही कसोटी नाही, कारण साक्षीदार नाही. अनोळखी लोकांच्या वर्गातही ती पुरती नाही, कारण ते उद्या भेटणार नाहीत. ती मित्रांतच आहे. आर्थर ॲरन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत जोडप्यांचे मनगट मनगटास आणि घोटा घोट्यास बांधून, दोघांच्या मध्ये एक लांबट उशी हातांवाचून धरावयास लावून, त्यांस गादीवरून रांगत पलीकडे जावयास सांगितले. दुसऱ्या काही जोडप्यांस एक चेंडू संथपणे ढकलण्याचे नीरस काम दिले. सातच मिनिटांचा खेळ. पण पहिल्या जोडप्यांस एकमेकांविषयी वाटणारा संतोष दुसऱ्यांहून अधिक वाढलेला आढळला. ते प्रयोग जोडप्यांचे होते, मित्रांचे नव्हेत. आणि सात मिनिटांवरून आयुष्याची अनुमाने काढू नयेत हेही मला कळते. तरी गादीवरून रांगणाऱ्या त्या जोडप्यांत आणि परातीभोवती बसलेल्या आम्हां सहा जणांत मला काही नाते दिसते खरे.

येथवर मी वकिली केली. आता कबुली देतो, कारण तिच्यावाचून ही कैफियत खोटी ठरेल. तिसऱ्या फेरीची शेवटची चिठ्ठी माझी निघाली, आणि मी काम सांगितले गाण्याचे. प्रत्येकाने, गळा असो वा नसो, लहानपणी ऐकलेले काही तरी म्हणावे. आमचा अभियंता मित्र मुळात अबोल. शाळेत असताना समूहगीताच्या वेळी त्यास ओठ मिटून उभे राहावयास सांगितले जाई, हे आम्हांस त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, मागाहून कळले. त्याची पाळी आली तेव्हा तो नाही म्हणू शकला असता, तसे कलमच होते. तो नाही म्हणाला नाही. त्याने आईची एक भूपाळी सुरू केली. दुसऱ्या ओळीस आवाज चिरकला, आणि सर्वांच्या आधी मी हसलो. मग सर्वच हसले. त्याने ओळ पुरी केली, पाणी प्याला, काही काम असल्याचे सांगून निघाला. त्यास आता तीन महिने झाले, तो आलेला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, पावसाविषयी बोलला, नातवाविषयी बोलला. मी क्षमा मागितली तेव्हा दारापर्यंत पोचवावयास आला आणि म्हणाला, ‘‘तू हसलास म्हणून नाही रे. मी पन्नास वर्षांनी तोंड उघडलं होतं, एवढंच.’’

पंगतीतील त्या विद्वान गृहस्थांचे हसणे आणि माझे हसणे ह्यांत फरक कोणता, हा प्रश्न तेव्हापासून मला सुटलेला नाही. फरक असलाच तर तो माझ्या विरुद्ध आहे. ते परके होते. त्यांच्या हसण्याने माझे काही गेले नाही. मी मित्र होतो, आणि ज्या गोष्टीसाठी ही भिशी काढली तीच मी मोडली. नवे काम करून पाहण्यात परीक्षा नवशिक्याची असते असे आम्ही समजत होतो. ती पाहणाऱ्यांचीही असते; नवशिका धडपडत असता त्याच्या धडपडीकडे कसे पाहावे हे ज्यांस येत नाही त्यांनी मोडी आणि भाकरी शिकून काय उपयोग? म्हणीने माणसास दारातच लाजवून परत पाठवावयाचे, आव्हानवाल्यांनी त्यास लाज वाटण्याची जागाच कापून टाकावयाची, आणि आम्ही मित्रांनी त्यास आत बोलावून हसावयाचे, ह्या तीन पापांपैकी तिसरे मला सर्वांत जड वाटते. सबब ही भिशी बंद करावी असे काही मी म्हणणार नाही. भाकरीच्या दिवशी गच्चीत गेलेल्या मित्राच्या मागे न जाण्याइतके शहाणपण आमच्या अंगी होते. ते पुढे टिकले नाही, म्हणून ते शिकणे हेच ह्यापुढचे काम. ज्यांस ही भिशी आपल्या मित्रांत सुरू करावीशी वाटेल त्यांनी ती खुशाल करावी. कलमांत मात्र आम्ही मागाहून घातलेले एक कलम आरंभीच घालावे. जो काम सांगेल त्याने ते सर्वांआधी, सर्वांसमोर करून दाखवावे. मी त्या दिवशी सर्वांत शेवटी गाणार होतो.

डब्यात आज तीन चिठ्ठ्या उरल्या आहेत, आणि त्यांत एक त्याची आहे. ती निघेल त्या महिन्याचे काम तो येऊन सांगेपर्यंत पुढची चिठ्ठी उचलावयाची नाही, असे आम्ही ठरवले आहे.